जावरच्या जुन्या खाणी: गुहेत शिरू नका, मुशींच्या ढिगाकडे जा

आधी निकाल सांगून टाकतो, कारण तळवे अजून ठणकतायत आणि सविस्तर लिहायला बसलं की डोकं तापतं. उदयपूरजवळच्या जावरला जरूर जा. पण 'प्राचीन खाणीच्या आतून फिरवून आणतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. जावरला बघण्यासारखं जे आहे, म्हणजे जस्त काढायच्या जुन्या मातीच्या मुशींचे ढीग, ते उघड्यावर आहे, फुकट आहे, आणि मोडक्या कौलांचा ढीग समजून बहुतेक लोक ते ओलांडून पुढे जातात.

उदयपूरच्या दक्षिणेला, अहमदाबादच्या रस्त्यावर साधारण चाळीस किलोमीटर. टीडीला हायवे सोडायचा आणि अरवलीच्या टेकड्यांत आत शिरायचं. जावरमाला, मोचिया मगरा, बलारिया, बरोई या सगळ्या टेकड्यांच्या पोटात डोलोमाइट खडकात जस्त आणि शिसं आहे. ते दोन हजार वर्षांपूर्वीही काढत होते आणि आजही काढतात. फोटोंतून हे कळत नाही. फोटोत निर्जन टेकडी, पडकं देऊळ आणि सूर्यास्त. प्रत्यक्षात शेजारी मोठी चालू खाण आहे, ट्रकांची रांग आहे, ब्लास्टिंग आहे आणि कुंपणापाशी रक्षक आहेत. रक्षकाने थांबवलं तर वाद घालू नका, तो बरोबर असतो. ज्या बाजूने त्याने सांगितलं त्या बाजूने जा, जुनं जावर तिकडेच आहे.

उदयपूरबद्दल लिहीत नाही. तलाव सुंदर आहेत, लिहिणारे पुष्कळ आहेत.

आता गाडी. ठरली होती २,२०० रुपयांना, जाऊन-येऊन. परत आल्यावर हिशेब ३,४०० चा. 'पहाडी रस्ता' वेगळा, 'वेटिंग' वेगळं, आणि धुळीने गाडी खराब झाली म्हणून धुलाईचे वेगळे. पहाडी रस्ता म्हणजे डांबरी रस्त्याला चार वळणं. आम्ही कसारा घाटातून येणारी माणसं, आम्हाला पहाड शिकवू नये. शेवटी २,८०० वर तुटलं, तेही रस्त्यात उभं राहून आवाज चढवल्यावर. तुम्ही काय करायचं: निघण्याआधी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या की पूर्ण दिवस, वेटिंग धरून, आणि ठिकाणं दोन, जावर माइन्स आणि जावर माता मंदिर. फक्त 'जावर माइन्स' म्हटलंत तर गाडी चालू खाणीच्या वसाहतीत नेऊन लावतात आणि तिथून पुढचं प्रत्येक वळण जादा भाड्यात मोडतं. उदयपूर-हिम्मतनगर मार्गावर जावर नावाचं रेल्वे स्टेशन आहे. ज्यांना वेळ आहे आणि पायपीट चालते त्यांनी ते बघावं, पण गाड्या मोजक्या आहेत. परतीची वेळ आधी बघा, मग जायची.

टेकडीचं प्रकरण असं. गावाच्या तोंडाशीच एक माणूस भेटला. 'एक तासाची सोपी वाट, वर राणा प्रतापांची गुहा, आतून आरपार, दोघांचे दीड हजार.' प्रतापांनी पडत्या काळात इथल्या खाणींत आसरा घेतला अशी कथा या भागात सांगतात, त्यामुळे गुहेचं नाव ऐकून आमचेही कान टवकारले. माझा आतेभाऊ सोबत होता. तो भूगर्भशास्त्राचा मास्तर, म्हणजे दगड दिसला की हलत नाही.

ती वाट सोपी नाही. आणि वाटही नाही. खालचा टप्पा वेड्या बाभळी आणि थोराच्या जाळीतून. मधला टप्पा म्हणजे जुन्या खाणकामगारांनी शतकानुशतकं खाली लोटून दिलेला दगडचुरा. निव्वळ घसारा. आपल्या सह्याद्रीत घसारा असतो तेव्हा मध्ये कुठेतरी कातळ लागतो, कारवीचं खोड हाताला येतं, निदान गवताचा झुपका. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट करणाऱ्यांनाही धरायला काहीतरी मिळतं. इथे काही नाही. पाऊल टाकलं की अर्धं खाली येतं, वरच्याने दगड सोडला की खालच्याच्या नडगीवर. आडवं जाताना एके ठिकाणी शेजारी जुन्या खाणीचं उघडं तोंड आहे, कठडा नाही, आणि त्या तोंडाकडेच उतार. तिथे बसून सरकलो, पँटची मागची बाजू तिथेच राहिली. मार्गदर्शक रबरी चपलेत पुढे, मागे वळून बघणं नाही, मोबाइलवर गाणी.

वर पोचल्यावर ती 'गुहा' म्हणजे जुनी खाण. तोंडाशी थांबून बघण्यासारखी आहे, हे मान्य करतो. भिंती गुळगुळीत, आत वाकलेल्या, वर काजळी. सुरुंगाची दारू नव्हती तेव्हा खडकाला लागून लाकडं पेटवायचे, खडक तापून तडकला की पहारीने पाडायचे. आगीने खाल्लेली भिंत अशी गोलावते. नव्या कामात ड्रिलची सरळ भोकं दिसतात. एवढी एक खूण लक्षात ठेवलीत तर जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे स्वतःचं स्वतःला कळेल, वाटाड्या लागणार नाही.

पण आत वीसेक पावलांवर जमीन तिरकी होऊन अंधारात गेली. खनिजाचा पट्टा जसा खाली उतरतो तसे ते लोक उतरत गेले. जावरमालाची जुनी कामं शंभर मीटरहून खोल गेली आहेत. मध्ये छत तोलायला खडकाचे खांब सोडलेले, चढउताराला लाकडं वापरलेली. त्या लाकडांचंच कार्बन-१४ ने वय काढलं आणि काम दोन हजारांहून अधिक वर्षं जुनं निघालं. म्हणजे पायाखाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही, आणि आमच्या मार्गदर्शकाकडे होता मोबाइलचा टॉर्च. वटवाघळांच्या लेंडीचा वास नाकात गेला तसा भाऊ म्हणाला, 'दादा, पुढे नको. खाली हवा कोंडलेली असते, माणूस बसतो तो उठत नाही.' आरपार वगैरे काही नाही. मार्गदर्शक मात्र पूर्ण दीड हजार मागायला लागला, 'मी तर आत न्यायला तयार होतो' म्हणून. पाचशे दिले, तेही जास्तच झाले. उतरताना तोच घसारा, आता गुडघ्यांवर.

माझं स्पष्ट मत: टेकडी शून्य गुण. दोर, हेल्मेट, दोन-दोन टॉर्च आणि खाणीत उतरण्याचा अनुभव असलेलं कुणी सोबत असेल तरीही परवानगीशिवाय आत जाऊ नये. नसेल तर तोंडाशीच फोटो काढा. तेवढ्यासाठीही तो घसारा चढायच्या लायकीचा नाही.

आणि मग खाली आल्यावर, पाणी पीत बसलो होतो तिथे, खरी गोष्ट सापडली. ज्या बांधाला टेकून बसलो तो मुशींचा होता.

मुशी म्हणजे मातीची बंद नळकांडी, लांबी वीतभर ते दीड वीत, जाडी मनगटाहून थोडी जास्त. एक टोक बंद आणि गोल, दुसऱ्या टोकाला निमुळती मान. जुन्या रसशास्त्रात, म्हणजे धातू-पाऱ्याच्या विद्येत, वृंताक मूषा, म्हणजे वांग्याच्या आकाराची मूस सांगितली आहे, ती हीच. आच लागून बाहेरून हिरवट-निळसर काच चढलेली. अशा मुशी इथे टोपलीभर नाहीत, ट्रकभर नाहीत, टेकाडंच्या टेकाडं आहेत. भट्टीच्या कचऱ्याचा अंदाज लाखो टनांचा आहे. गावातल्या जुन्या घरांच्या आणि गोठ्यांच्या भिंती दगडाऐवजी मुशी रचून, मध्ये माती भरून उभ्या केल्या आहेत. गोल बुडं ओळीने बाहेर आलेली.

हे एवढं का भारी आहे ते सांगतो, कारण तिथे फलक वाचून काही कळत नाही. तांबं, शिसं, लोखंड भट्टीत घातलं की धातू तळाशी जमतो. जस्ताचं तसं नाही. त्याचं खनिज साधारण हजार अंशांच्या वर धातू सोडतं आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. म्हणजे धातू तयार होतो तोच वाफ होऊन, आणि हवा लागली की परत राख. इथल्या लोकांनी भट्टी उलटी केली. भाजलेलं खनिज आणि इतर माल गोळ्या करून मुशीत भरायचा, तोंडाला मातीची नळी लिंपायची, आणि मूस उपडी करून भोकं पाडलेल्या विटेच्या पाटावर उभी करायची. वर आग, खाली गार कोठडी. माल खाली सांडू नये म्हणून मानेत एक काडी खुपसलेली. ती जळून जाते आणि तिच्या जागी वाफेला वाट होते. वाफ खाली उतरते, गार होते, थेंब थेंब जस्त पडतं. एका भट्टीत ३६ मुशी, अशा सात भट्ट्या एका रांगेत. एका वेळी २५२.

हे अंदाज नाहीत. १९८३ मध्ये ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि खाण कंपनी यांनी मिळून उत्खनन केलं. पॉल क्रॅडॉक आणि के. टी. एम. हेगडे त्यात होते. त्यात शेवटच्या खेपेच्या मुशी जागेवर असलेल्या भट्ट्याच सापडल्या. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त काढण्याचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये, आणि त्याचीही पद्धत वाफ खाली उतरवण्याचीच. जावरची भट्टी तोवर कित्येक शतकं चालू होती. त्याने कुठून ऐकलं असेल यावर भाऊ टीडीपर्यंत बोलत होता.

घरच्या पितळेच्या पातेल्याशी याचा थेट संबंध आहे. जस्ताचं खनिज तांब्यासोबत तापवून पितळ करता येतं, पण त्यात जस्ताचं प्रमाण साधारण तीस टक्क्यांच्या आत अडकतं. जस्त सुटं हातात आलं की हवं तसं पितळ करता येतं. बीदरची बिद्री, म्हणजे चांदीच्या नक्षीची काळी भांडी, ती तर मुळात जस्ताचीच.

एका मुशीच्या भिंतीचा फोटो काढताना घरातले म्हातारे काकोसा बाहेर आले. आधी विचारलं, मग काढला. तुम्हीही तसंच करा, ती राहती घरं आहेत. कुठून आलात विचारलं, महाराष्ट्र म्हटल्यावर हसले. म्हणाले, 'मग तुमच्याच लोकांनी बंद पाडलं, तुम्हीच बघायला आलात.' यावर बोलायला काही नव्हतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिंदे आणि होळकरांच्या फौजांनी मेवाड पिळून काढलं होतं, आणि १८१२-१३ च्या दुष्काळाने उरलीसुरली माणसंही पांगली. जुन्या भट्ट्या विझल्या त्या त्याच सुमारास. शाळेत अटकेपर्यंतचे झेंडे शिकवतात, हे कुणी शिकवत नाही. काकोसांनी चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. अख्ख्या दिवसात पैसे न मागणारा हा एकच माणूस.

देवळं: जावर माता चालतं देऊळ आहे. शिवाय राणा कुंभाची मुलगी रमाबाई हिने पंधराव्या शतकाच्या अखेरीस बांधवलेलं विष्णूचं देऊळ आणि कुंड, आणि पडकी जैन मंदिरं. एवढी देवळं या आडरानात का, तर जस्त-शिशाचा पैसा. अर्धा-पाऊण तास पुरे.

जाणाऱ्यांसाठी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, नाहीतर जाऊच नका, सावली नाही. ट्रेकचे बूट घाला, मुशींच्या ढिगावरही, कारण गोल तुकडे पायाखाली फिरतात आणि फुटलेल्यांना काचेची धार आहे. फुल पँट. पाणी माणशी तीन लिटर घरून, म्हणजे हॉटेलातून. या मातीत शिसं आहे, तेव्हा ढिगात हात घातला की साबणाने धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. लहान मुलांना ढिगावर खेळायला सोडायचं नाही. ब्लास्टिंगचा इशारा ऐकू आला की जिथे आहात तिथे थांबा आणि गावातल्या माणसाला विचारा. ड्रोन नेऊ नका, चालू खाण आहे. आणि मूस उचलून आणायची नाही. आमच्यासमोर एकाने दोन पिशवीत टाकल्या, 'इतक्या आहेत, काय फरक पडतो.' त्याला भावाने मास्तरी आवाजात परत ठेवायला लावल्या, तेवढ्यात माझा थकवा जरा उतरला.

सकाळी लवकर पोचा, उन्हं तिरपी असताना काचेचा रंग उठून दिसतो. मुशी आणि भट्ट्यांच्या जागेला दोन तास, देवळांना वर सांगितलं तेवढं, आणि टेकडीला काही नाही. जेवण गावात मिळेल असं धरू नका, टीडीच्या ढाब्यावर दाल-बाटी बरी आहे. तिथे गाडीवाला 'डिझेल टाकायचंय, थोडे आत्ताच द्या' म्हणेल. त्याला चहा पाजा. पैसे उदयपूरला, हॉटेलच्या दारात.