ख्रिसमसच्या पानासाठी स्टाउट: यंदा कॉर्कचा बेत

ख्रिसमसच्या जेवणाबरोबरच्या बहुतेक स्टाउट, म्हणजे भाजलेल्या बार्लीच्या काळ्या बिअर, ठरल्या, अडकलंय फक्त पुडिंगपाशी. यंदाचा बेत आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या पद्धतीचा, म्हणजे पानात मुख्य मान स्पाइस्ड बीफचा. मीठ, ब्राउन शुगर, लवंग, मिरी आणि ऑलस्पाइस चोळून मुरवलेलं मांस मंद आचेवर शिजवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं आणि पातळ काप काढायचे. कॉर्कमध्ये त्याशिवाय ख्रिसमस होत नाही.

गिनेस ड्राफ्ट मटणाच्या आयरिश स्ट्यूबरोबर मला फार आवडते, पण इथे ती कमी पडली. कापाच्या कडेला मसाल्याचा काळपट थर असतो. तो दाताखाली आला की लवंग तोंडभर पसरते आणि गिनेस मागे राहते. मर्फीज तर आणखी सौम्य. मग बीमिश घेतली. जेमतेम ४.१ टक्क्यांची, पण भाजलेल्या बार्लीचा कडवटपणा ठसठशीत. नुसती प्यायला ती थोडी रुक्ष वाटते. खारं मांस खाऊन घोट घेतला की मात्र मिठाने कडवटपणाची धार उतरते आणि मागून कॉफीसारखी चव येते. स्पाइस्ड बीफला बीमिशच, यावर मी ठाम आहे. शिवाय ती कॉर्कचीच, १७९२ पासूनची. जुनी ब्रुअरी २००९ मध्ये बंद झाली आणि आता ती मर्फीजच्याच ब्रुअरीत बनते.

हॅमचा प्रश्न वेगळा. वरचा साखरेचा मुलामा गोड, आणि गोडावर कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, स्टाउट जास्तच कडू लागते. तिथे ओहाराजची लॅन फॉलन. ६ टक्के, अंगाने भरलेली, चॉकलेटकडे झुकणारी. बटाटा-कोबीचं कोलकॅनन लोण्यात न्हालेलं असतं, त्याच्याबरोबर गिनेस ड्राफ्टसारख्या स्टाउटच्या नायट्रोजनने येणाऱ्या मऊ फेसापेक्षा बाटलीतल्या स्टाउटचे बुडबुडे बरे. जिभेवरचा तुपकटपणा लगेच निघतो.

वाढण्याबद्दल एक आग्रह: फ्रीजमधून काढल्यावर वीसेक मिनिटं बाहेर ठेवा. फार गार असली की भाजल्याचा वासच येत नाही.

पुडिंगसाठी गिनेस फॉरेन एक्स्ट्रा, ७.५ टक्क्यांची, छोट्या ग्लासात द्यायचा विचार आहे. मनुका आणि ब्रँडीपुढे ती टिकते, पण वर ब्रँडी बटर आलं की जड होते. पुढच्या वेळी ब्रँडी बटरऐवजी साधं क्रीम घालून पाहणार.