तुम्ही विचारलंत म्हणून: 80 वर्षांच्या विमानावर सही

पुण्याला आलो की कुणी ना कुणी विचारतंच: "15 वर्षांची गाडी आम्ही काढून टाकतो, आणि तू 80 वर्षांच्या विमानाला पास करतोस?" अमेरिकेत मी पायपर, एरॉन्का अशा जुन्या छोट्या विमानांची वार्षिक तपासणी करतो. एकदाच काय ते सांगून टाकतो.

1946 च्या पायपर कबमध्ये 1946 चं उरलेलं असतं तरी किती? पंखांवर-अंगावर ताणलेलं कापड नवं, 65 अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन पुन्हा पुन्हा खोलून बांधलेलं. वयाचं मला सांगू नका, गंज कुठे आहे ते सांगा.

गंज असतो स्ट्रटमध्ये. पंखाला खालून तोलणाऱ्या या पोकळ पोलादी दांड्या. पाणी आत शिरतं, खालच्या टोकाशी साचतं आणि आतून खात जातं. वरून रंग चकचकीत. म्हणून सीलबंद स्ट्रट नसतील तर दर 24 महिन्यांनी तपासा, असा एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा, आदेश आहे. मुळात कापडाची ताकद बघायला बनवलेलं मॉल टेस्टर खालच्या टोकाशी, काट्यावर 80 येईपर्यंत दाबायचं. खळगा पडला की स्ट्रट बाद.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं कब होतं, वडिलांनी घेतलेलं. शनिवारी नातवाला पहिल्यांदा वर न्यायचं ठरलेलं. डावीकडचा पुढचा स्ट्रट ठीक निघाला. उजवीकडे टोकापासून चार बोटांवर दाबलं आणि पत्रा आत गेला. बोट फिरवलं, खळगा लागला. त्यांनीही फिरवलं. म्हणाले, "हा तू पाडलास." थोड्या वेळाने, अगदी हळू: "शनिवार होऊ दे. सोमवारी नवीन मागवतो."

मी विमान पास केलं नाही, त्रुटींची यादी लिहून हातात दिली. सही त्याखालीही असते, हे कुणी विचारत नाही. त्यांनी विमान विकलं. आता दुकानात भेटले तर मान फिरवतात.

शनिवारी तो स्ट्रट तुटला असता का? बहुतेक नसता. शांत हवेत दहा मिनिटं, हलका पोरगा. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरीही नाहीच. पण रात्री हा हिशोब करतो, हेही खरं.

तरुणपणी मी सगळ्यांना ऐकवायचो: जुनं विमान सरळ असतं, सगळं डोळ्यांना दिसतं. आता तरुणपणीच्या त्या पोराला, म्हणजे मलाच, विचारतो, स्ट्रटच्या आतलं दिसलं होतं का रे? तो म्हणतो, दाबल्यावर कळलंच ना! यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि त्याचं म्हणणं मला पटतही नाही.