हाकेला ओ

व्हिडिओ कन्व्हर्ट करायला टाकला की माझा कॉम्प्युटर बहिरा व्हायचा. पंखा घरघरायला लागायचा, माउसचा बाण दोन पावलं चालून थबकायचा, आणि मी टाइप केलेलं अक्षर बऱ्याच वेळाने, मागच्या चार अक्षरांना सोबत घेऊन एकदम उगवायचं. आपण त्याला हँग झाला म्हणतो. पण खरं बघायला गेलं तर त्या वेळी तो बिचारा कधी नव्हे इतका राबत असतो. प्रोसेसरचे सगळे कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे भाग, शंभर टक्क्यांवर. कामाचा डोंगर उपसणारा एखादा माणूस हाक मारली तरी मान वर करत नाही, तसं. अशा माणसाला कामचुकार म्हणता येत नाही, आणि त्याच्याबरोबर राहताही येत नाही.

कॉम्प्युटर घेताना आपण वेगाचे आकडे विचारतो आणि नंतर रोज चिडतो ते ओ मिळत नाही म्हणून. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आयबीएममधल्या रॉबर्ट मिलर यांनी १९६८ सालीच लिहून ठेवलं होतं, की कळ दाबल्याचा प्रतिसाद माणसाला एक दशांश सेकंदाच्या आत दिसायला हवा. आता तीन गिगाहर्ट्झचा एक कोअर तेवढ्या वेळात तीस कोटी ठोके मारतो. त्यातले थोडेसे माझ्या वाट्याला आले असते तरी अक्षर वेळेवर उमटलं असतं. ठोके भरपूर होते, ते वाटणारा माझ्याकडे बघत नव्हता.

विंडोजवर असताना मी यावर स्वतःच्या अकलेने एक उपाय केला होता. टास्क मॅनेजर उघडला, कन्व्हर्टरला सगळ्यात वरचं, ‘रिअलटाइम’ प्राधान्य देऊन टाकलं. म्हटलं, एकदाचं लवकर आटपू दे. पुढच्या क्षणी बाण जागच्या जागी गोठला. माउस हलतोय की नाही हे बघण्याचं कामसुद्धा आता त्या व्हिडिओच्या मागे रांगेत उभं होतं. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं. व्हिडिओही गेला.

लिनक्सवर आलो तेव्हा ‘नाइस’ नावाची कमांड भेटली. भलेपणा आकड्यात मोजणारी. उणे २० पासून १९ पर्यंतची पट्टी, आणि आकडा जितका मोठा तितका तो प्रोग्राम इतरांना पुढे जाऊ देणार. मराठीत याला आपल्याकडे आयता शब्द आहे: पडतं घेणं. शून्य म्हणजे चारचौघांसारखा, १९ म्हणजे दरवेळी पडतं घेणारा, आणि उणे २० म्हणजे... असोत, तेही असतात. हिशोबही पक्का आहे. एकाच कोअरवर शून्याचा आणि एकोणिसाचा असे दोन हावरे प्रोग्राम सोडले, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्यांना १०२४ आणि १५ या वजनांनी वेळ वाटून देतं. पडतं घेणाऱ्याच्या पदरी जेमतेम दीड टक्का. आणखी एक नियम मला फार आवडतो. साधा वापरकर्ता आपल्या प्रोग्रामचा भलेपणा हवा तेवढा वाढवू शकतो, कमी मात्र करू शकत नाही. त्यासाठी रूटचा, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याचा, परवाना लागतो.

अडचण एवढीच, की ऐन वेळी हे सगळं आठवत नाही. म्हणून एक चिमुकला प्रोग्राम बसवला. त्याला ना खिडकी, ना बटण, ना ‘तुमचा संगणक आता चकाचक’ असा हिरवा शेरा. मागे कुठेतरी बसून असतो. त्याच्याजवळ नावांची यादी: हा कन्व्हर्टर, १९. हा कोडचा चालता प्रोग्राम करून देणारा कंपायलर, १९. बॅकअपवाला, तोही १९, आणि डिस्कला हात इतर कोणी मागत नसेल तेव्हाच लावायचा. थोड्या थोड्या वेळाने तो चालू प्रोग्रामांवर नजर फिरवतो आणि यादीतला कोणी दिसला की त्याच्या कानात आकडा सांगून परत जागेवर. बस्स. विंडोजवरही प्रोसेस लासो नावाचा याच जातीचा प्रोग्राम मिळतो. तो प्रोसेसर अडवून बसलेल्याचं प्राधान्य तेवढ्यापुरतं उतरवतो.

हे बसवल्यावर कॉम्प्युटर वेगवान झाला का? अजिबात नाही. व्हिडिओला पूर्वी लागायचा तेवढाच, कधी चार मिनिटं जास्त वेळ लागतो. पण बाण पाण्यासारखा सरकतो, अक्षर बोटाखाली उमटतं, आणि मला शपथेवर वाटतं की मशीन नवं आलंय. आधी मला ही स्वतःची फसवणूक वाटली. आता वाटत नाही. कामाला वेळ लागण्याची तक्रार माझी कधी नव्हतीच.

यादी करताना मी थोडा अतिउत्साह दाखवला, हेही सांगायला हवं. ज्या नावांचा अर्थ लागेना त्या सगळ्यांना सरसकट एकोणिसावर बसवलं. त्यातलं एक आवाज वाजवणारं निघालं. गाणं उचक्या द्यायला लागलं. दिसायला क्षुल्लक, पण सगळे त्याच्यावर अवलंबून.

ही चूक फार थोरामोठ्यांच्या हातूनही झाली आहे, एवढाच दिलासा. १९९७ च्या जुलैमध्ये पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांनी त्याचा संगणक आपोआप रीसेट व्हायला लागला. झालं होतं असं, की हवामानाच्या नोंदी करणारं एक कनिष्ठ काम एका सामायिक कुलपाची किल्ली घेऊन बसायचं. माहितीची ने-आण सांभाळणारं ज्येष्ठ काम त्याच किल्लीसाठी खोळंबायचं. आणि कनिष्ठाने आपलं उरकून किल्ली ठेवावी, तर मधल्या दर्जाचं संदेशवहनाचं काम येऊन त्याला बाजूला सारायचं. म्हणजे मधल्याने थोरल्याला अडवलेलं, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही. पहाऱ्यावरच्या घड्याळाला मोठं काम वेळेत झालेलं दिसायचं नाही, आणि ते सगळं नव्याने सुरू करायचं. उपाय पृथ्वीवरून एक सेटिंग बदलून झाला: किल्ली ज्याच्या हातात, त्याला तेवढ्या वेळापुरता वाट बघणाऱ्याचा मान द्यायचा. एवढं वाचून मी माझी यादी मुकाट्याने अर्धी केली.

कर्नलनेही मधल्या काळात यात लक्ष घातलं आहे. २०११ च्या मार्चमध्ये आलेल्या २.६.३८ या आवृत्तीपासून त्यात ‘ऑटोग्रुप’ नावाची सोय आहे. मूळ माइक गॅलब्रेथ यांचा दोनेकशे ओळींचा पॅच, म्हणजे कोडमधला बदल. एका टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, सुटलेली वीस कामं मिळून एक घर धरायचं आणि प्रोसेसर घरटी वाटायचा, माणशी नाही. कल्पना झकास. पण त्यातली मेख अशी, की ऑटोग्रुप चालू असला तर नाइसचा आकडा त्या त्या घरापुरताच चालतो. घरात पडतं घेणारा बाहेरच्यांसमोर ताठच. हे कळेपर्यंत मी एका टर्मिनलमध्ये १९ लिहून दुसऱ्या टर्मिनलमध्ये फरक शोधत बसलो होतो, आणि खरं सांगायचं तर मला तो जाणवतही होता.

रॅम भरली की मात्र यातलं काही चालत नाही. कामं स्वॅपसाठी, म्हणजे रॅममध्ये न मावणारं डिस्कवर ठेवायला आणि परत आणायला, डिस्ककडे खेपा घालायला लागतात, आणि तिथे कोणी कितीही पडतं घेतलं तरी जागाच नसते. मग कोणाला तरी बाहेर काढावं लागतं. ते करणारा पहारेकरीही मी ठेवून बघितला. त्याने पहिल्याच दिवशी ब्राउझर उचलून फेकला, अर्ध्या भरलेल्या फॉर्मसकट. त्याच्या बाजूने न्याय होता. त्याला मी काढून टाकलं.

आत्ता हे लिहितानाही मागे एक व्हिडिओ चालू आहे, एकोणिसावर. भलेपणाचा अर्थ हळूपणा नाही, ही यातली सगळ्यात छान गोष्ट. रस्ता मोकळा मिळाला की तो भरधाव सुटतो. मी टाइप करतो तेव्हा बाजूला होतो, मी थांबलो की माझी राहिलेली जागा भरून काढतो. मघाशी पहारेकऱ्याच्या परिच्छेदानंतर मला पुढचं काही सुचेना, तेवढ्यात तो चार टक्के पुढे गेला.