तुम्ही विचारलंत म्हणून: वाळूनं भरलेला बंधारा कसला कामाचा?

केनियातल्या बंधाऱ्यांचे फोटो पाहून मराठी माणूस हटकून विचारतो, "हा तर काठोकाठ भरलाय! मदत करणाऱ्या संस्थेनं पैसे पाण्यात घातले की काय?" पाण्यात नाही, वाळूत घातले. आणि मुद्दामच.

मचाकोस, मकुएनी, कितुई हा कांबा लोकांचा कोरडा मुलूख. पाऊस मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर असा दोनदा पडतो. नद्या थोडा वेळ दणकून वाहतात आणि आटतात. मग बायका वाळूत झिरे उकरतात. वाळू-बंधारा म्हणजे हाच झिरा, मोठ्या मापाचा. नदीत कातळावर पक्की भिंत घालायची. पुराबरोबर आलेली जड वाळू तिच्यामागे बसते, हलका गाळ वरून निघून जातो. एक ते तीन पावसाळ्यांत भिंत भरते. पाणी वाळूच्या कणांमधल्या फटींत साठतं. ऊन तिथे खोलवर पोचत नाही म्हणून ते सहजी आटत नाही, डासांना अंडी घालायला उघडं पाणी मिळत नाही.

हिशेब करा. पात्र 20 मीटर रुंद, भिंतीपाशी वाळू 3 मीटर खोल, मागे 300 मीटरवर शून्य. झाली 9,000 घनमीटर. तळ सपाट नसतो म्हणून निम्मीच धरा. त्यातलं चौथा हिस्सा पाणी हाती लागलं तरी सुमारे 11 लाख लिटर, आणि पुढच्या पुरात टाकी पुन्हा भरते.

वाळूची परीक्षा सोपी आहे. 20 लिटरची बादली कोरड्या वाळूनं भरा, पाणी जिरवा, मग तळाला भोक पाडून परत किती येतं ते मोजा. पाच लिटर आलं तर उत्तम. बारीक गाळ पाणी पितो भरपूर, सोडत मात्र नाही. म्हणूनच आपल्या काळ्या मातीच्या ओढ्यांवर ही नक्कल करू नये.

यात संस्था काय देते? सिमेंट, सळई, जागा ठरवणारा इंजिनिअर. दगड, वाळू, पाणी आणि मजुरी गावच्या गटाची. अशा सामूहिक कामाला तिकडे 'म्वेथ्या' म्हणतात. केनियातले जोशुआ मुकुस्या यांनी 1978 मध्ये वाळू-बंधारे बांधणाऱ्या उतूनी या संस्थेला सुरुवात केली तीही अशाच गटातून. आमच्या मते दगडांचा ढीग पडल्याशिवाय सिमेंटचं पोतं उतरवूच नये. आयता बंधारा मिळाला की पाणी उपसायचा पंप बिघडल्यावर गाव संस्थेची वाट पाहत बसतं.

बिघडतं कुठे? पाया कातळात न रुतवता मुरमावर टेकवला, तर पाणी भिंतीखालून निसटतं. भिंतीची काठात घुसवलेली टोकं, म्हणजे पंख, आखूड ठेवले, तर नदी भिंतीला वळसा घालून काठच खाते. भिंत धडधाकट उभी आणि नदी शेजारून चाललेली, हे दृश्य फार केविलवाणं! गाळ जास्त असेल तर भिंत एकदम पूर्ण उंचीची न करता टप्प्यांनी वाढवावी लागते. शिवाय वरच्या उतारावर 'फान्या जुऊ' हवेत: चर खणून माती वरच्या अंगाला टाकायची, बांधावर नेपिअर गवत लावायचं. हे टाळलं की माती थेट बंधाऱ्यात.

शेवटचा शत्रू ओळखीचाच, वाळूचा ट्रक. बांधकामाला वाळू लागते, आणि इथे ती आयती साठलेली. मकुएनीनं 2015 मध्ये वाळू-संरक्षणाचा कायदा केला तो यासाठीच. दहा घनमीटरचा एक ट्रक गेला की अडीच हजार लिटरची जागा गेली, म्हणजे गाढवावरून वाहायचे वीस लिटरचे सव्वाशे डबे.