तुम्ही विचारलंत म्हणून: प्रकाशाने दात पुन्हा तयार होतो का?

"डॉक्टर, लेझरचा प्रकाश टाकला की दातातल्या स्टेम सेल जाग्या होतात आणि दात पुन्हा तयार होतो म्हणे, मग रूट कॅनॉल कशाला करायचे?" नाशिकमधल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. सातपूरच्या कारखान्यांतले कामगार तो विचारतात, निफाड-दिंडोरीकडचे बागाईतदार विचारतात आणि नातवाचा किडलेला दात दाखवायला आलेल्या आजीही विचारतात. प्रकाशाने दात उगवत नाही, हे पहिल्यांदाच स्पष्ट सांगते. मात्र ज्या संशोधनावरून ही समजूत पसरली ते संशोधन खरे आहे, आणि त्यात नेमके काय घडले हे कळले तर दवाखान्यात कशाची अपेक्षा धरावी हेही आपोआप कळते.

दाताचे बाहेरचे कठीण कवच म्हणजे इनॅमल. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत नाहीशा होतात, त्यामुळे झिजलेले किंवा तुटलेले इनॅमल शरीर नव्याने घडवू शकत नाही. त्याखालच्या डेंटिनची गोष्ट वेगळी आहे. डेंटिन तयार करणाऱ्या पेशी दाताच्या गाभ्याच्या, म्हणजे पल्पच्या, कडेला आयुष्यभर जिवंत असतात, आणि कीड संथपणे आत सरकत असेल तर त्या आतून डेंटिनचा नवा थर चढवून पल्पचे रक्षण करतात. या पेशी मेल्या तर त्यांची जागा घेऊ शकतील अशा मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल, याही पल्पमध्ये असतात. त्यांचे वर्णन २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि २००३ साली पडलेल्या दुधाच्या दातांतही तशा पेशी सापडल्या. थोडक्यात, दुरुस्तीची सोय दातात मुळातच आहे. तिला चालना कशाने मिळते, हा खरा प्रश्न आहे.

हार्वर्ड विद्यापीठातील डेव्हिड मूनी यांच्या प्रयोगशाळेतून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने याच प्रश्नाचे एक उत्तर दिले. प्रयोगशाळेत पाळलेल्या मोठ्या उंदरांच्या (रॅट) दाढा कोरून पल्प उघडा केला, त्यावर ८१० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा कमी शक्तीचा लेझर दिला आणि दाढा तात्पुरत्या बंद केल्या. सुमारे १२ आठवड्यांनी पाहिले तेव्हा प्रकाश दिलेल्या दाढांमध्ये डेंटिन अधिक तयार झालेले होते. याची कारणसाखळी मला फार सुंदर वाटते. प्रकाशामुळे त्या जागी ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू अल्प प्रमाणात तयार होतात, ते तेथे आधीपासूनच सुप्तावस्थेत साठवलेल्या टीजीएफ-बीटा-१ या प्रथिनाला मोकळे करतात, आणि हे प्रथिन मूळपेशींना डेंटिन घडवण्याकडे वळवते. बाहेरून पेशी टोचाव्या लागल्या नाहीत की औषध घालावे लागले नाही. पण हे डेंटिन होते, आख्खा दात नव्हे. आणि त्याची रचना नैसर्गिक डेंटिनसारखी असली तरी हुबेहूब तशी नव्हती. माणसाच्या दातांतल्या मूळपेशींवर हा परिणाम प्रयोगशाळेच्या बशीत दिसला होता, माणसाच्या तोंडात नव्हे.

मग आज किडलेल्या दाताचे काय करायचे? पल्प जिवंत आणि सुधारण्याजोगा असेल, म्हणजे गार लागल्यावर क्षणभर झिणझिणून थांबत असेल, तर कीड काढून कॅल्शियम हायड्रॉक्साइड किंवा एमटीए हे सिमेंट पल्पजवळ बसवतात आणि वरून दात घट्ट बंद करतात. ही द्रव्येसुद्धा डेंटिनमध्ये अडकलेली वाढीची प्रथिने, त्यात टीजीएफ-बीटा-१ही आले, सोडवून बाहेर आणतात. प्रकाशाच्या प्रयोगात जी यंत्रणा जागी झाली तिच्याशी जवळचे नाते असलेला उपचार आपल्याकडे आधीपासून चालत आला आहे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. दुखणे रात्री झोपेतून उठवत असेल, गरम लागल्यावर कितीतरी वेळ ठणकत असेल किंवा मुळाशी पू झाला असेल, तर मात्र रूट कॅनॉल टाळून प्रकाशाची वाट पाहण्यात दात हातचा जातो.

आणखी एक गोंधळ दूर करायला हवा. दात भरताना आम्ही जो निळा दिवा धरतो तो केवळ दातात भरलेले द्रव्य घट्ट करण्यासाठी असतो. त्याने पेशी बऱ्या होत नाहीत. हिरडी कापणारा लेझरही वेगळा, कारण तो उष्णतेने काम करतो. बरे करणारा प्रकाश उष्णता न देता काम करतो आणि त्याचे सगळे यश मात्रेवर अवलंबून असते. द्राक्षाच्या घडाला जीए (जिबरेलिक ॲसिड हे वाढीचे संजीवक) देताना मात्रा आणि वेळ चुकली तर घड बिघडतो, हे आपल्या बागाईतदारांना सांगावे लागत नाही. येथेही तसेच आहे. कमी प्रकाशाने काही होत नाही आणि जास्त प्रकाशाने पेशींची वाढ उलट दबते. म्हणून तरंगलांबी किती, प्रत्येक चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल (म्हणजे किती ऊर्जा), असे विचारल्यावर ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून हा उपचार घेऊ नये. शिवाय यातला बराचसा प्रकाश डोळ्यांना दिसत नसल्याने डोळे मिटण्याची सूचना शरीराकडून मिळत नाही, आणि त्यामुळे रुग्ण व डॉक्टर दोघांनीही योग्य चष्मा लावलाच पाहिजे.

आता जे मला कोणी विचारत नाही आणि विचारावे असे फार वाटते, ते सांगते. बुडापेस्टमध्ये एंद्रे मेश्टर यांनी १९६७ साली उंदरांच्या कातडीवर कमी शक्तीचा लेझर देऊन केस लवकर उगवल्याचे नोंदवले, तेव्हापासून या उपचाराचे अनेक दावे झाले. तोंडाच्या बाबतीत त्यांतला सर्वांत भक्कम ठरलेला उपयोग दातांचा नाही. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर रेडिएशन घेणाऱ्यांचे तोंड आतून सोलवटते, पाणी गिळणेही नकोसे होते, नळीने अन्न द्यावे लागते आणि कधी उपचारच मध्ये थांबवावे लागतात. हे टाळण्यासाठी ठरावीक मात्रेत प्रकाश देण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थांच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तंबाखू, मिश्री आणि गुटख्यामुळे आपल्या जिल्ह्यातही या कर्करोगाचे रुग्ण घरोघरी ऐकू येतात, आणि नातेवाईक माझ्याकडे येतात ते तोंड पूर्ण सोलवटल्यावर.

घरात असा रुग्ण असेल तर रेडिएशनची तारीख ठरतानाच कर्करोगतज्ज्ञांना विचारा की प्रकाशोपचाराची सोय आहे का आणि या रुग्णाला तो द्यावा का. कारण गाठ असलेल्या जागेवर प्रकाश द्यायचा की टाळायचा हा निर्णय त्यांचाच असतो. हा उपचार पहिल्या दिवसापासून, रेडिएशनच्या सत्रांबरोबर द्यायचा असतो, दर वेळी काही मिनिटे लागतात आणि दुखत नाही. त्याच भेटीच्या आधी दातही तपासून घ्या: जे दात वाचणार नाहीत ते रेडिएशन सुरू होण्यापूर्वी, जखम भरायला निदान दोन आठवडे राहतील अशा बेताने काढावे लागतात, कारण रेडिएशन झालेल्या जबड्यातून नंतर दात काढला तर हाड भरून न येण्याचा धोका वर्षानुवर्षे राहतो.