विमान खंय गेला?

हरवलेली वस्तू नुसती हरवलेली ठेवणं आमच्या सिंधुदुर्गात कुणाला जमत नाही. म्हैस संध्याकाळी गोठ्यात आली नाही, तर रात्रीची जेवणं उरकायच्या आत ती कुणी नेली, कुठल्या व्हाळातून नेली आणि त्याच्या आज्यानं कुणाची म्हैस नेली होती, इथवर तपास पोचलेला असतो. सकाळी ती शेजारच्या वाडीत चरताना सापडते. त्यानं तपास थांबत नाही.

अशा मुलुखात ८ मार्च २०१४ रोजी बातमी आली की, क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं मलेशियाचं एमएच ३७० हे विमान २३९ माणसांसकट नाहीसं झालं. आठवड्याभरात होळी उभी राहिली. चाकरमानी गावात आलेले, रात्री मांडावर, शिमग्याला गाव जमतो तिथं, जागरणं, आणि गजालीला, म्हणजे गप्पांना, असा विषय की ज्याला ना बूड ना शेंडा. बोटीवर नोकरी केलेल्या एका काकांनी पहिल्याच रात्री निकाल दिला, “तां अमेरिकेन दियेगो गार्सियाक उतरवल्यान.” हिंदी महासागरातलं अमेरिकी लष्करी तळाचं ते बेट त्यांनी खरोखर लांबून पाहिलं होतं, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायची कुणाची प्राज्ञा नव्हती. पुढे अमेरिकेच्या व्हाइट हाउसनं जाहीरपणे हे नाकारलं, तेव्हा काकांची खात्री दुप्पट झाली. दुसऱ्याच्या मते विमान मध्य आशियात कुठल्याशा धावपट्टीवर उभं होतं. तिसऱ्यानं, मुंबईहून आलेल्या भाच्यानं, मोबाईलवर उपग्रहाची चित्रं उघडली. त्या दिवसांत जगभरातले लाखो लोक घरबसल्या अशी चित्रं बघून समुद्रात विमान शोधत होते. भाच्याला एक पांढरा ठिपका सापडला. ती लाट होती.

मग क्वालालंपूरच्या विमानतळावर एक मांत्रिक हातात दोन नारळ आणि बांबूची दुर्बीण घेऊन विमान शोधायला बसला, आणि साऱ्या जगानं त्याची टर उडवली. आमच्याकडे दुर्बिणीला हसले, नारळाला कुणी हसलं नाही. वस्तू हरवली तर देवाला कौल लावणारी आम्ही माणसं. गावातल्या एका आजोबांची हरकत वेगळीच होती, “नारळ घेतल्यान ता बरा केल्यान, पण थयचो राखणदार कोण, ता इचारल्यान काय?” विमान आधी जिथे शोधत होते त्या दक्षिण चीन समुद्राचा राखणदार कोण, हे आम्हांपैकी कुणालाच सांगता आलं नाही.

पण सगळ्यात मोठी गजाल टीव्हीवर चालू होती. सीएनएननं आपला बातमीदार सिम्युलेटरमध्ये, म्हणजे वैमानिकांच्या सरावाच्या नकली विमानात, बसवला आणि तो दिवसचे दिवस तिथूनच बोलत राहिला. त्याच वाहिनीवरच्या निवेदकानं एकदा तज्ज्ञांना विचारलं, विमान कृष्णविवरात गेलं असेल का? त्यावर उत्तर आलं की, लहानसं कृष्णविवर असतं तरी त्यानं आपलं अख्खं विश्व गिळलं असतं. हे उत्तर आमच्या मांडावर खूप आवडलं. मराठी वाहिन्यांवरही निळ्या पाण्यावर एक विमान गोल गोल फिरायचं, खाली पट्टी सरकायची आणि चार चौकटींतले चार जण एकमेकांना बोलू द्यायचे नाहीत. नवं काही कळलेलं नसलं की प्रश्नचिन्ह मोठं व्हायचं.

खरं तर कळत होतं, पण ते इतकं रुक्ष होतं की पट्टीवर मावेना. रडारला विमानाची ओळख सांगणारा ट्रान्सपाँडर बंद पडल्यावर विमान पश्चिमेला वळलं, मलाय द्वीपकल्प ओलांडून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे गेलं, हे लष्करी रडारला दिसलं होतं. तरी पहिला आठवडाभर दक्षिण चीन समुद्रात शोध चालूच राहिला. मग उपग्रह कंपनीच्या नोंदी निघाल्या. विमान तासागणिक उपग्रहाला नुसतं ‘आहे’ एवढंच सांगत होतं, शेवटचं सकाळी ८ वाजून १९ मिनिटांनी. त्या ‘आहे’वरून विमान उपग्रहापासून किती लांब हे कळतं, कुठल्या दिशेला ते नाही. म्हणून नकाशावर ठिपका उमटला नाही, उमटली ती एक लांबलचक कमान, आणि तिचं दक्षिणेचं टोक हिंदी महासागरात, जिथे वस्ती नाही, बंदर नाही, कुणाच्या होड्या नाहीत.

आमच्या बंदरावरचे लोक या सगळ्यात कमी बोलायचे. मांडावर आलेच तर विचारायचे, “वारो खंयचो होतो?” टीव्हीवर हा प्रश्न आलेला मला तरी आठवत नाही.

गजालीचा एक नियम आहे, तो कुणी लिहून ठेवलेला नाही. ज्या घरचं माणूस दर्यात अडकलंय, त्या घराच्या पडवीत गजाल होत नाही. १७ जुलै १९४७ ला, ऐन पावसात, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. उत्तर कोकणातल्या किती घरांत त्या दिवसाची आठवण अजून आहे, पण तिथं जाऊन ‘कप्तानानं असं केलं असेल’ असं कुणी म्हणत नाही. त्या दारात गेलेला माणूस चुलीकडे बघतो, पेटली आहे का, आणि नसली तर पेज आणून देतो. टीव्हीला पडवी नसते. बीजिंगच्या हॉटेलात जी माणसं आपल्या लोकांच्या बातमीसाठी बसून होती, त्यांच्यासमोरही तोच पडदा, त्याच चौकटी. अपहरण, आत्महत्या, गुप्त तळ, सगळं त्यांच्या दारात. आणि २४ मार्चला मलेशियाच्या पंतप्रधानांनी विमान दक्षिण हिंदी महासागरात संपल्याचं सांगितलं, तेव्हा कितीतरी नातेवाइकांना ते मोबाईलवरच्या मेसेजनं कळलं. काकांचं दियेगो गार्सिया मी माफ केलं ते एवढ्यासाठी, की ते मांडावरून पुढे गेलं नाही.

त्या शोधात समुद्रानं आधी दाखवला तो कचरा. तेलाचे तवंग विमानाचे निघाले नाहीत. उपग्रहाला काही तरंगताना दिसलं की जहाजं धावायची आणि हाती यायची ती मच्छीमारीची टाकून दिलेली सामग्री. पहिल्या पावसानंतर आमच्या किनाऱ्यावर चपला, बाटल्या, तुटकी जाळी आणि डांबराचे गोळे येऊन पडतात, त्यामुळे आम्हांला याचं नवल वाटलं नाही.

धागा मिळाला तोही किनारा साफ करणाऱ्यांनाच. जुलै २०१५ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर सफाई कामगारांना पंखाच्या मागच्या कडेचा एक तुकडा सापडला, फ्लॅपरॉन. होडीच्या बुडाला चिकटतात तसले कवचवाले जीव त्याच्यावर चिकटलेले. ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी मग तसाच एक खरा फ्लॅपरॉन मिळवला, कापून त्या मापाचा केला आणि समुद्रात सोडून दिला. तो सरळ वाऱ्यासोबत गेला नाही, वाऱ्याच्या सुमारे वीस अंश डावीकडे सरकत राहिला. त्या हिशेबानं तुकडा कुठून निघाला असेल ते मागे मागे मोजत गेले. म्हणजे वारो खंयचो होतो, इथंच गाडी आली.

तरी विमान नाही सापडलं. १ लाख २० हजार चौरस किलोमीटर तळ पालथा घातला, म्हणजे आपले चार कोकण विभाग, आणि तेही कित्येक ठिकाणी चार किलोमीटर पाण्याखाली. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या दोन बुडालेल्या जहाजांचे अवशेष मिळाले, जी कुणी शोधत नव्हतं. जानेवारी २०१७ मध्ये तो शोध थांबवला. २०१८ च्या मलेशियाच्या अहवालानं कारण ठरवता येत नाही असं सरळ लिहिलं. मला ते वाक्य त्या वर्षांतल्या सगळ्या चर्चांहून धीट वाटतं.

२०२५ मध्ये मलेशियानं एका खाजगी कंपनीशी पुन्हा करार केला. १५ हजार चौरस किलोमीटरचा नवा टापू, विमान सापडलं तर सात कोटी डॉलर, नाही सापडलं तर एक पैसा नाही. ही बातमी मी किनाऱ्यावर रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, लोकांना वाचून दाखवली. दोरी गुंडाळणारे एक जण म्हणाले, “म्हणजे आमचोच हिशेब. गावला तर वाटो, नाय गावला तर भिजलेली दोरी.”

“ता बरोबर,” दुसऱ्यांनी मान वर केली, “पण त्या सात कोटींत जाळ्याचो वाटो येगळो धरल्यानी हा काय?”

करारात जाळ्याचा वाटा आहे की नाही यावर पुढचा अर्धा तास वाद झाला. मग कुणीतरी डॉलरचा भाव विचारला आणि तो वाद आणखी लांबला.