तुम्ही विचारलंत म्हणून: बुमराह बसला की मी त्याची बाजू का घेतो

सोलापूरच्या पार्क चौपाटीवर आपण जमतो तेव्हा तासाभरात हा प्रश्न येतोच. "सर, आपला वेगवान गोलंदाज बुमराह पाठीपायी मॅच न खेळता बसला की तुम्हाला एवढा त्याचा पुळका का येतो?" कुणी हसत विचारतं, कुणी चिडून. परवा एका लग्नाच्या पंगतीत एकाने भाकरी मोडता मोडता विचारलं. मी दर वेळी "त्याचं शरीर, त्याला कळतं" म्हणतो आणि विषय मोडतो. ते उत्तर नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून एकदाच सगळं लिहितो. नंतर हवं तेवढं भांडा.

आधी तुमचे मुद्दे. "आयपीएलला बरी पाठ दुखत नाही." अहो, २०२३ची अख्खी आयपीएल तो खेळला नाही. त्या मार्चमध्ये न्यूझीलंडला पाठीची शस्त्रक्रिया झाली होती. २०२५ला पहिले काही सामने हुकले, कारण जानेवारीत सिडनीला पाठ धरली होती आणि दुसऱ्या डावात तो चेंडू हातात घेऊ शकला नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या त्या एका मालिकेत त्याने दीडशेहून जास्त ओव्हर टाकल्या आणि ३२ विकेट घेतल्या. शिवाय आयपीएलच्या सामन्यात चार ओव्हर असतात, म्हणजे चोवीस चेंडू. कसोटीत तेवढे पहिल्या तासात होतात, आणि मग संध्याकाळी परत या, उद्या परत या. या दोन कामांची तुलना तुम्ही करता तेव्हा मला खरंच राग येतो.

"कपिल बघा." बघतोच की. १३१ कसोट्या, ४३४ विकेट, आणि दुखापतीमुळे एकही कसोटी चुकवली नाही. पण कपिल एकच झाला. त्याच्यासारखंच राबायला गेलेली आणि विशीच्या आत पाठ गमावून बसलेली पोरं कुठल्या पुस्तकात मोजलेली नाहीत. त्यातलं एक मला माहीत आहे.

तिसरा मुद्दा सिराजचा, आपल्या दुसऱ्या वेगवान गोलंदाजाचा, आणि तिथं माझी गाडी अडते, कबूल करतो. २०२५च्या इंग्लंड दौऱ्यात तो पाचही कसोट्या खेळला, १८५हून जास्त ओव्हर टाकल्या, २३ विकेट घेतल्या. बुमराह तीनच कसोट्या खेळणार हे आधीच ठरलं होतं, आणि आपण जिंकलो त्या दोन्ही, एजबॅस्टन आणि ओव्हल, त्याच्याशिवाय. यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. सिराजकडे नंतर येतो.

आता त्या एका पोराची मॅच.

२०११चा मे महिना. महिन्याभरापूर्वीच आपण वर्ल्डकप जिंकलेला, गावात प्रत्येक पोराला झहीर व्हायचं होतं. मी नोकरी सांभाळून आमच्या क्लबची टीम बघायचो. कोच म्हणत होते, पण कुठलं प्रशिक्षण घेतलं नव्हतं. चेंडू, मॅट, पोरांचा वडापाव, बरंचसं पगारातून व्हायचं. फिजिओ हा शब्द टीव्हीवर ऐकलेला. हे मी मुद्दाम लिहितोय. मला दोष द्यायचाच असेल तर हेही धरून द्या.

तो सोळा वर्षांचा होता. नाव लिहिणार नाही, तुमच्यातल्या काहींना माहीत आहे. पूर्व भागातला, वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर रात्रपाळीला, आई विड्या वळायची. घरात तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी. उंच, हडकुळा, आणि मॅटवर चेंडू असा उसळवायचा की समोरच्या टीमची मोठी माणसं मागं सरकायची. दहा वर्षांत माझ्या हाताखाली तसं पोरगं आलं नव्हतं.

दोन दिवसांची फायनल. सकाळी साडेसातला सुरू केली तरी दहा वाजता मैदान तव्यासारखं. दुसऱ्या दिवशी शेवटच्या डावात त्यांना ३१ धावा हव्या होत्या आणि तीन विकेट शिल्लक. पाणी घ्यायला सगळे लिंबाखाली आले. त्याच्या चौदा ओव्हर झालेल्या. तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, खाली कमरंत चमक मारायलीय."

पुढची काही वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की त्या गडबडीत मला नीट ऐकू आलं नाही. मला स्वच्छ ऐकू आलं होतं. मी फळ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि म्हणालो, "दोनच टाक. मग बदलतो."

त्याने सात टाकल्या. सलग, एका टोकाकडून.

बदलायला गोलंदाज नव्हता असं नाही. डावखुरा फिरकीवाला होता, पण तो मार खाईल अशी मला भीती होती. अठराव्या ओव्हरला पुढचा पाय पडला की याचं डोकं एका बाजूला कलंडायला लागलं. प्रत्येक चेंडूनंतर परत जाताना तो मुठीने कंबर दाबायचा. ते बघून मी कीपरकडे तोंड वळवलं आणि ओरडलो, "शाब्बास! असंच!" विसाव्या ओव्हरमध्ये त्याने एक काढला, एकविसाव्या ओव्हरमध्ये शेवटचा. चार धावांनी जिंकलो.

पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. हलग्या वाजल्या. खाली उतरवल्यावर तो मॅटच्या कडेला आडवा झाला आणि उठेना. बूट काढायला वाकता येत नव्हतं. मी गुडघ्यावर बसलो, त्याच्या नाड्या सोडल्या, बूट काढले, मोजे काढले. आजूबाजूचे म्हणाले, बघा, सर किती जीव लावतात. मलाही त्या क्षणी तसंच वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मी फार आनंदात होतो.

पुढं काय झालं ते थोडक्यात. मालिश, लेप, मग एका ठिकाणी एक्स-रे. त्यात काही दिसलं नाही. हाडावरच्या ताणाने पडलेला तडा सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, हे मला तेव्हा कुठलं माहीत? मी टीमसमोर त्याला म्हणालो, "रिपोर्ट साफ आहे. मनातली भीती काढ." त्याने काढली आणि पाऊस संपल्यावर परत गोलंदाजी सुरू केली. दिवाळीनंतर एका रात्री त्याला कूस बदलता येईना, तेव्हा एमआरआय झाला. कमरेच्या शेवटच्या मणक्याला डाव्या बाजूला तडा, उजव्या बाजूलाही सुरुवात.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. उजव्या हाताने वेगात टाकणाऱ्याचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो त्या क्षणी कंबर मागे वाकते, पिळली जाते आणि डावीकडे झुकते, तीनही एकदम. वजनाच्या कितीतरी पट भार पायातून वर येतो. सोळाव्या वर्षी मणका पुरता भरलेला नसतो. वेळीच काही महिने थांबवलं तर हाड बहुधा जुळतं. मग त्यांनी विचारलं, "त्या मॅचमध्ये याने किती ओव्हर टाकल्या होत्या?"

वडिलांना क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पोरगं शेजारीच बसलं होतं.

मी म्हणालो, "दहा-बारा असतील."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. पोरगं काही बोललं नाही. बाहेर आल्यावर वडील त्याला तेलुगूत काहीतरी म्हणाले. मला ते कळलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

घरी आल्यावर मी स्कोअरबुक काढलं. आमच्या मॅचच्या आधी तो आणखी एक स्पर्धा खेळला होता, मीच परवानगी दिली होती. सहा दिवसांत ६१ ओव्हर. फार नंतर वाचण्यात आलं की इंग्लंडमध्ये त्या काळात सतराखालच्या वेगवान गोलंदाजाला सलग सात आणि दिवसात अठरा ओव्हरची मर्यादा होती. मी सोळा वर्षांच्या पोराला सोलापूरच्या मे महिन्यात एकवीस टाकायला लावल्या. त्यानंतर तो वेगात कधी टाकू शकला नाही.

तेव्हाचा मी आज समोर आला तर भांडेल, हे मला माहीत आहे. तो म्हणेल, मला कुणी शिकवलं नव्हतं. खरं आहे. तो म्हणेल, जिल्ह्यातले सगळे हेच करत होते. तेही खरं. जबडा तुटलेला असताना पट्टी बांधून अँटिग्वाला टाकणारा कुंबळे आपणच डोक्यावर घेतला, मग पोराला "सहन कर" म्हणालो तर मी वेगळं काय केलं? यावर मी त्याला एवढंच म्हणू शकतो की कुंबळेला कुणी "दोनच टाक" म्हणून सात टाकायला लावल्या नव्हत्या. पण हे म्हणतानाही मला पुरती खात्री नाही. मँचेस्टरला पायाचं हाड मोडलेला पंत लंगडत बॅटिंगला उतरला तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. मला ते आवडलंच.

आपल्यातले दोघे संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे ती उंच जड काठी, पेलतात. ती काठी पेलण्यासाठी ते आधी सराव करतात, आणि एकाची कंबर भरून आली की दुसरा पुढं होतो. सोडणाऱ्याला कुणी भित्रा म्हणत नाही. मी हे एकदा बोललो तर त्यातला एक म्हणाला, "पण सर, सोडायची कधी ते पेलणाराच सांगतो की ओ." बरोबर. त्या मॅचमधल्या पोरानेही सांगितलंच होतं. म्हणून बुमराह जेव्हा आधीच सांगतो की तीनच खेळेन, आणि कोच आणि निवड समिती ते ऐकते, तेव्हा मला त्या लिंबाखालची दुपार आठवते. तुम्ही गंभीरला शिव्या घालता. घाला, त्याच्या बाकीच्या निर्णयांसाठी मीही घालतो. या एका बाबतीत मला जमणार नाही.

आणि आता सिराज. ४ ऑगस्ट २०२५, ओव्हल कसोटी, सोमवारची दुपार. इंग्लंडला ३५ हव्या होत्या, चार विकेट शिल्लक, तुम्ही सगळे होतात त्या दुकानातल्या टीव्हीसमोर. तोही, तो मॅचवाला पोरगा, आला होता. आता तिशीचा आहे, टॉवेलच्या दुकानात हिशेब बघतो. सिराज पाचव्या कसोटीच्या पाचव्या दिवशी धावत येत होता आणि मी घसा फुटेस्तोवर ओरडत होतो, "टाक! अजून एक!" तेच शब्द, तोच आवाज. इंग्लंडचा वोक्स निखळलेला खांदा स्वेटरखाली बांधून उतरला. मग अ‍ॅटकिन्सनचा ऑफ स्टंप उडाला, सहा धावांनी जिंकलो, आणि तुम्ही सगळे रस्त्यावर नाचायला गेलात.

आम्ही दोघे आत राहिलो. तासभर खुर्ची रिकामी असून तो भिंतीला टेकून उभाच होता. मला म्हणाला, "बुमराह खेळायला पाहिजे होता सर. देशाची मॅच होती की."

मी म्हणालो, "तू असं म्हणतोस?"

"मीच म्हणणार. त्या दिवशी तुम्ही बॉल काढून घेतला असता ना, तर मी तुमच्याशी आयुष्यात बोललो नसतो."

हे तो खरं बोलला की माझं ओझं कमी करायला, ते मला कळलं नाही. खरं असेल तर माझी बाजू चुकीची ठरते का, याचाही मी तेव्हापासून विचार करतोय. सोळा वर्षांच्या पोराने "हो" म्हटलं म्हणून मोठ्याची सुटका होते असं मला वाटत नाही. पण ती मॅच त्याची होती, आणि ती मी त्याच्याकडून आज काढून घेऊ शकत नाही.

डॉक्टरांसमोर मी सांगितलेल्या आकड्याबद्दल तो कधीच बोललेला नाही. त्याचे वडील आता मागावर जात नाहीत. कन्ना चौकात भेटले की अजून हात जोडतात, चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांना अजून दहा-बाराच माहीत आहे.